मांडवावर न चढलेलं वेलवांगं

बानूबाईचा पाय श्रावणात मोडला आणि बसवला तो वाकडा. कासारसाईच्या डोंगरावर एका अवखळ कोकरामागं धावताना ती शेवाळावरून घसरली. पौडाच्या बाजारात बसणाऱ्या वैदूला बोलावलं, त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, आणि दीड महिन्यानं त्या सोडल्या तेव्हा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड निघाला. पाय राहिला हेच नशीब समजा, असं वैदू म्हणाला. तो बहुधा स्वतःच्या नशिबाबद्दल बोलत असावा, कारण त्यानंतर तो बानूबाईच्या गावाच्या, नेऱ्याच्या, वाटेला कधी फिरकला नाही.

एखाद्या कुणब्याच्या घरात हे खपून गेलं असतं. लंगडी सून चुलीपुढं बसते, जात्यावर बसते, घर चालतं. पण बानूबाई पडली धनगराची सून. दसरा झाला की नेऱ्याच्या धनगरांची मेंढरं घाट उतरून कोकणात जात, ती शिमग्याच्या सुमाराला वर येत. पाच महिने घर वाटेवर. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेल्या कोंबड्या, आणि बायका पायी. त्या चालीत आखूड पायाला जागा नव्हती.

कळपाचा म्होरक्या होता कुशाबा, बानूबाईच्या नवऱ्याचा चुलता. तो म्हणेल ती पूर्व दिशा. त्यानं दसऱ्याच्या आधी चार माणसांत सांगून टाकलं की बानूला जुन्नराकडं तिच्या भावाकडं, नथूकडं, पोचवावी. तात्पुरती. हा 'तात्पुरती' शब्द बानूबाईच्या ओळखीचा होता. तीन वर्षांमागं याच वस्तीतल्या गोजराबाईची नजर अधू झाली, तेव्हा तिलाही अशीच तात्पुरती माहेरी पोचवली होती. पुढच्या वैशाखात तिच्या नवऱ्यानं दुसरी आणली. गोजराबाई अजून तात्पुरती माहेरीच होती.

बानूबाईचा नवरा धुळा मेंढरांशी भरपूर बोलायचा आणि माणसांशी मोजकं. त्या दिवशी मात्र त्यानं तोंड उघडलं. आपली आई तुकाबाई हिलाही आता चालवत नाही, तेव्हा सासूसुना दोघी खोपटात राहू देत, माघापर्यंत पुरेल इतका जोंधळा ठेवून जातो, असं तो म्हणाला. माघ सरल्यावर काय वारा खाणार, असं कुशाबानं विचारलं. उत्तर दाराआडून आलं. बानूबाई म्हणाली, खोपटामागं पाटलानं दिलेली पड जमीन आहे, तिथं मी भाजीपाला करीन.

सगळे हसले, आणि हसणार नाहीत तर काय. धनगराचा जन्म हिरवं दिसेल तिथं मेंढरं घालण्यात गेलेला. त्याच्या बाईनं भाजी लावायची म्हणजे बोक्यानं दुधाची राखण करायची.

"तिकडं धरणापायी लोकांची गावंच्या गावं पान्याखाली जायला लागल्यात," कुशाबा म्हणाला, "आनी तुला दोन हात पडीचा सोस सुटंना. बरं. शिमग्याला येतो. चूल तुमच्या दाण्यावर पेटती दिसली तर ऱ्हा. न्हाईतर घोडं सरळ नथूच्या दारात."

विलायतेतली पहिली मोठी लढाई संपून तीन वर्षं झाली होती त्या सालची ही गोष्ट. मेंढरं गेली. त्यांची धूळ खाली बसली आणि वस्तीत दोनच बाया उरल्या. एकीला चालता येत नव्हतं आणि दुसरीचं तोंड थांबत नव्हतं.

तुकाबाई दारात बसून बोलायची आणि बानूबाई मागच्या पडीत बसून खणायची. उभं राहून कुदळ मारायची तर डावा पाय दगा द्यायचा, म्हणून ती जमिनीवर बसून पहारीनं ढेकूळ उचकटायची, दगड बाजूला फेकायची आणि बूड घासत हातभर पुढं सरकायची. लुगड्याला मागं भोक पडलं. खताची मात्र ददात नव्हती. मेंढरांच्या वाड्याच्या जागेवर लेंड्यांचे थर साचले होते, ते तिनं सुपासुपानं आणून मातीत कालवले. गावातून बाभळीच्या काटेरी फेसाट्या आणून कुंपण केलं. अडलं ते पाण्यापाशी. ओढा लांब नव्हता, पण काठी टेकत, हिंदकळत, दिवसाकाठी दोन कळशांवर तिच्यानं होईना. दोन कळशांत माणसं भागतात, मळा भागत नाही.

एका सकाळी ती दारातल्या गळक्या मडक्याकडं बघत बसली होती. पिण्याच्या कामाचं उरलं नव्हतं म्हणून ते कोपऱ्यात टाकलेलं, त्यात पाऊसपाणी साचलेलं. त्याच्याभोवती वीतभर जागेत हरळी अशी तरारली होती की बाकीचं अंगण त्यापुढं मुंडल्यासारखं दिसत होतं. मडकं पाझरत होतं, एवढंच. बानूबाई उठली ती थेट कुंभाराकडं गेली आणि त्याची भाजताना तडकलेली सगळी मडकी मागून आणली. वाफ्यावाफ्यात एकेक मडकं गळ्यापर्यंत पुरलं, वरून पाणी ओतलं, तोंडावर खापरी ठेवली. उन्हाला त्या पाण्याचा पत्ता लागला नाही. मुळांना लागला.

बियाणं आणलं अल्लाबक्षनं. घोटावड्याच्या बाजारात भाजी-फळं विकणारा हा बागवान दर आठवड्याला टोपल्या लादलेलं गाढव हाकत नेऱ्यावरून जायचा. मेथी, मुळा, कोथिंबीर, घेवडा असं चिमूटचिमूट त्यानं पुड्यांत बांधून दिलं. शेवटी कनवटीची एक पुडी सोडून म्हणाला, हे वेलवांगं. खडकीच्या छावणीत त्याचा मेहुणा एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर बागेला होता, त्यानं हे बी दिलं होतं. साहेब लोक त्याच्यावर जीव टाकतात. लाल होतं, आंबट-गोड लागतं.

झाड कसं असतं, असं तिनं विचारलं. अल्लाबक्षनं फळं पाहिली होती, टोपलीभर विकलीही होती, पण झाड काही त्यानं पाहिलं नव्हतं. ते कबूल करायचं तर इतक्या वर्षांचं बागवानपण पणाला लागलं असतं.

"नावातच हाय की, बानूबाई," तो म्हणाला. "वेल आनी वांगं. दुधीवानी चढत आसंल. मांडव चांगला दणकट घाला."

आता यात बानूबाईचं काय चुकलं? कुणीही असतं तरी तेच केलं असतं. तिनं तुकाबाईला हाताशी घेऊन माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीचा मांडव घातला. चिवा बांबूच्या मेढी रोवल्या, वर कारवीच्या काठ्या आडव्यातिडव्या टाकल्या, आणि रोपं वीतभर झाल्यावर प्रत्येकाच्या डोक्याशी लोकरीची एकेक दोरी सोडली. अकरा रोपं, अकरा दोऱ्या. ओढ्यावर पाण्याला जाणाऱ्या गावातल्या बायका कुंपणापाशी थांबून विचारायच्या, मांडव झाला, आता नवरदेव कुठं आहे? बानूबाई म्हणायची, वाटेत आहे.

नवरदेव वाटेतच राहिला. मेथी आली, खुडली, पुन्हा फुटली. मुळे पोसले. पण वेलवांगी गुडघ्याला पोचायच्या आतच थांबली. पानं काळपट, सुरकुतलेली, खोड अंगठ्याएवढं जाड, आणि उंची कोंबडीएवढी. दोऱ्या वाऱ्यावर लोंबत राहिल्या. बानूबाई रोज सकाळी रोपाचा शेंडा हळूच दोरीला टेकवायची, आणि रोज सकाळी तो होता तिथंच असायचा. नाव सोनूबाई नि हाती कथलाचा वाळा, असं तुकाबाई म्हणाली. आणखी एक गोष्टही ती म्हणाली, आणि ती बानूबाईच्या काळजात रुतली. ती अशी, की लावणाऱ्याच्या अंगातलं झाडात उतरतं.

म्हणजे पाय आखूड म्हणून झाडं आखूड. बानूबाईनं हे हसण्यावारी नेलं नाही. तिला ते खरंच वाटलं. दिवसभर ती त्या अकरा झाडांकडं बघेना. कुशाबा येईल, हा रिकामा मांडव बघेल, हसणारसुद्धा नाही, नुसतं घोडं पुढं करील, हे तिला इतकं स्पष्ट दिसत होतं की जणू ते होऊनच गेलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती खुरपं घेऊन गेली, पहिल्या झाडापाशी बसली आणि उपटायला त्याचं खोड मुठीत धरलं.

खोड हललं नाही. असल्या ठेंगण्या झाडाची ही पकड! तिनं पानं बाजूला सारली, बुंधा बघावा म्हणून, आणि आत पिवळी फुलं होती. एक नाही, दोन नाही. पानांच्या आडोशाला सात फुलांचा घोस खाली मान घालून लोंबत होता, त्याच्या वरच्या बाजूला दुसरा, पलीकडं तिसरा. वांग्याची फुलं जांभळी असतात हे तिला ठाऊक होतं. ही हळदीच्या रंगाची, टोकदार पाकळ्यांची, आणि प्रत्येकावर दहिवराचा थेंब. झाड वाढलं नव्हतं असं कोण म्हणतं? ते आतल्या आत वाढत होतं. आपण खुळ्यासारख्या वर बघत बसलो.

बानूबाईनं खुरपं ठेवलं. दुसऱ्या झाडाशी गेली, तिसऱ्याशी गेली, बूड घासत अकराच्या अकरा झाडांची पानं उचलून बघितली. मग तिथंच मातीत बसून राहिली. तिला रडू आलं, आणि आपण का रडतोय हे सांगायला कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. मेंढीच्या पोटातून कोकरू बाहेर पडतं आणि क्षणभरानं पहिला श्वास घेतं, तेव्हा तिला दरवेळी असंच व्हायचं. पण मेंढीचं पोट निदान दिसतं तरी.

मांडव मोडायला नको म्हणून तिनं त्याच्या कडेनं घेवडा टोचला. घेवड्यानं आठ-पंधरा दिवसांत तो काबीज केला.

पौषात फळं धरली. आधी वाटाण्याएवढी, मग बोराएवढी, मग लिंबाएवढी, हिरवीगार आणि घट्ट. एकेका घोसात पाच-पाच, सहा-सहा. झाडाच्या मानानं ओझं इतकं, की बघणाऱ्याला कणव यावी. पण झाड वाकलं नाही. तो जाड, ठेंगू बुंधा कशासाठी होता हे आता कळलं. उंच वेल असता तर दोरीला लटकून रडला असता. बानूबाई कामं टाकून तिथं बसू लागली. एका फळाचा हिरवा रंग एके दिवशी पांढरट पडला. दुसऱ्या दिवशी बुडाशी पिवळसर झाक आली. मग तांबूस. तिसऱ्या दिवशी तिनं सकाळी बघितलं, दुपारी बघितलं, ऊन उतरताना बघितलं, आणि दरवेळी लाली थोडी वर चढलेली होती. आत कुणी दिवा लावला होता की काय कोण जाणे. डोंगरावर, घाटात, कोकणात इतकं फिरूनही असा रंग तिनं खाण्याच्या वस्तूवर पाहिला नव्हता. कुणालातरी हाक मारून दाखवावं असं वाटलं, म्हणून तिनं तुकाबाईला हाक मारली.

तुकाबाई आली, वाकली, बघितलं आणि दोन पावलं मागं सरली.

"ह्ये मेंढीच्या काळजागत दिसतंय," ती म्हणाली. "बाने, ह्याला हात लावू नगं, तुला माजी शपथ हाय. मटान झाडाला लागत न्हाई कंदी."

झालं. पुढचे पंधरा दिवस वेलवांगी पिकत राहिली आणि कुणी तोंडात घालीना. ओढ्यावरच्या बायका आता कुंपणापासून लांबून जायच्या. बानूबाईलाही धीर होईना, कारण सासूनं शपथ घातली होती. अल्लाबक्ष आजारानं घोटावड्याला पडून होता, त्यामुळं घेऊन जाणारंही कुणी नव्हतं. तिकडं कणगीतला जोंधळा तळाला लागला होता आणि माघ अर्धा सरला होता. मेथी-मुळ्यावर गावातून पसापसा दाणे मिळत, पण ते दोन दिवसांचे. देवानं दिलं आणि कर्मानं नेलं म्हणतात तशी गत. लाल घोस झाडावर झुलत होते आणि बानूबाई त्यांच्याकडं बघत शिमग्याचे दिवस मोजत होती.

एका दुपारी ती ओढ्यावरून आली तर तुकाबाई भिंतीला टेकून बसलेली, डोळे मिटलेले, आणि पदरावर तांबडे डाग. हनुवटीवरही. बानूबाईच्या हातातली कळशी सुटली. म्हातारी एकटी घरात असताना तिला रक्ताची गुळणी झाली, असंच बानूबाईला वाटलं. लंगडत धावत जाऊन तिनं सासूचा चेहरा दोन्ही हातांत धरला. बोटांना काहीतरी चिकटलं. बारीक, चपट्या, केसाळ बिया.

तुकाबाईनं एक डोळा उघडला.

"किती खाल्ली?" बानूबाईनं विचारलं.

तुकाबाईनं पदरानं हनुवटी पुसली. मग म्हणाली, "मोजाया बसले न्हाई. दात न्हाईत, कोरडी भाकर गिळंना, म्हनून यक चाखून बगितलं. देवाला आदी दावलं, मग खाल्लं." आणि थोडं थांबून, "त्या भायेरच्या झाडाची संपली. आतल्या झाडाची जास्ती ग्वाड हायेत का बग."

शपथ घालणारीनंच शपथ मोडली, तेव्हा सुनेला आडकाठी कसली? बानूबाईनं त्या दिवशी पहिलं वेलवांगं खाल्लं. चावल्याबरोबर तोंडभर पाणी झालं, आंबट, गोड, आणि मागून मातीचा, पानाचा कडसर वास. ती थक्क होऊन तशीच उभी राहिली. हे आपल्या पडीतून आलं. दगड आणि लेंड्या आणि गळक्या मडक्यातलं पाणी, त्यातून हे. तिनं विस्तवावर चार फळं भाजली, मिरची-लसूण घालून दगडावर रगडली, आणि दोघींनी उरल्या पिठाची भाकरी त्याच्याशी अशी खाल्ली की तवा रिकामा झाल्यावर त्या एकमेकींकडं बघून हसल्या. तुकाबाई बोलत नव्हती. हेही नवलच होतं.

तुकाबाईनं खाल्लं आणि ती जिवंत आहे, ही बातमी ओढ्यावर पोचायला अर्धा दिवस लागला. बायका पुन्हा कुंपणाशी येऊ लागल्या, आता पदराआड मापटं घेऊन. वेलवांगं द्यायचं, दाणे घ्यायचे. बरा झाल्यावर अल्लाबक्षही आला. तो मांडवाखाली शिरला. गुडघ्याइतक्या झाडाला लागलेल्या, दोन्ही हातांनी उचलावेत इतक्या घोसांकडं बघत राहिला, मग टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला की मेहुण्यानं आता सांगितलं, ही जातच बुटकी आहे, साहेबाच्या बंगल्यात ओसरीवर कुंडीत लावतात, आणि मांडवाचं ऐकून तो पोट धरून हसला. मी तुम्हाला फसवलं, बानूबाई, माफ करा. बानूबाई म्हणाली, मांडवावर घेवडा आहे, तोही घेऊन जा. त्या दिवशी गाढवाच्या दोन्ही टोपल्या भरल्या, आणि पुढच्या आठवड्यात त्या जोंधळ्यानं भरून आल्या.

होळीच्या आदल्या दिवशी, ऊन कलताना, कळपाची घंटा ऐकू आली.

मेंढरं घाट चढून उपाशी आलेली. वाटेवर सगळं वाळलेलं. हिरव्याचा वास लागताच पुढची पन्नास-साठ कुणाचंही न ऐकता सुसाट सुटली ती बानूबाईच्या कुंपणाकडं. ती दारातून बघत होती आणि तिला हलता येईना. पाच महिन्यांचा संसार एका घासात संपणार होता. तेवढ्यात धुळा धावत मधे आला, कुंपणाला पाठ लावून, काठी आडवी धरून उभा राहिला. मेंढरं त्याच्या मांड्यांवर आदळली. त्याच्या पाठीत बाभळीचे काटे शिरले असतील, पण तो जागचा हलला नाही. कळप वळेपर्यंत तो तसाच उभा होता, आणि मग त्यानं मान वळवून कुंपणाच्या आत बघितलं.

मागून कुशाबा आला. त्याच्या हातात घोड्याचा कासरा होता. घोड्यावर बिऱ्हाड नव्हतं, नुसती एक वाकळ घडी करून आवळलेली होती, बाईमाणसाला बसायला करतात तशी. नथूला निरोप घाटातूनच गेला होता, हे कुशाबानं लपवलं नाही. बानूबाईनं वाकळ बघितली. बोलण्यासारखं जे होतं ते मागच्या पडीत होतं.

खोपटातून धूर निघत होता. चूल कुणाच्या दाण्यावर पेटली आहे, असं कुशाबानं आपल्या भावजयीला विचारलं. तुकाबाई म्हणाली, आत जाऊन बघा, भावजी, मान खाली घालून जा, नाहीतर पागोटं घेवड्यात अडकेल.

कुशाबा मांडवाखाली शिरला. तिरप्या उन्हाच्या पट्ट्या काठ्यांतून खाली आल्या होत्या आणि त्या अकराही झाडांवर पडल्या होत्या. लाल, तांबूस, पिवळसर, हिरवी, पांढरट फळं. काल तोडा झालेला असूनही ओंजळीओंजळीनं लगडलेली. शेंड्याला अजून पिवळी फुलं होती. दरवर्षी समुद्र बघणारा, वाघाला काठीनं हुसकलेला माणूस तो, पण तिथं त्याची पावलं थांबली. तो उकिडवा बसला. एका घोसाखाली तळहात धरला आणि त्याचं वजन हातावर घेतलं.

"झाड एवढंच?" त्यानं विचारलं.

"एवढंच, मामंजी."

"वर जात न्हाई?"

"न्हाई. हितंच ऱ्हातं."

कुशाबानं मान हलवली. मग त्याची नजर त्या झाडावरून पुरलेल्या मडक्यांकडं गेली. एका मडक्यावरची खापरी उचलून त्यानं आतलं पाणीही बघितलं. बानूबाई त्याच्या चेहऱ्यावर काही वाचता येतंय का ते बघत होती, पण तो चेहरा वाचण्याचा नव्हताच.

सगळे जेवले. भाकरी आणि भाजलेल्या वेलवांग्याचा ठेचा. कुशाबानं तीनदा मागून घेतला आणि तिन्ही वेळा मागताना दुसरीकडं बघितलं. हात धुऊन तो घोड्यापाशी गेला, आवळलेली वाकळ सोडली आणि तुकाबाईपुढं टाकून म्हणाला, आंथरा. नथूला उद्या उलटा निरोप धाडतो.

पण बानूबाईच्या जिवाला खरा थारा अजून झाला नव्हता. कारण धुळा अजून एक अक्षर बोलला नव्हता, आणि तो अंगणात दिसेनाही.

धनगराच्या जन्मात एक प्रश्न ठरलेला असतो. परक्या गावी, परक्याच्या शेतात कळप नेला की बांधाबाहेर थांबायचं, पागोटं सारखं करायचं, आणि शेतमालकाला विचारायचं की मेंढरं कुठं बसवू. मालक जागा दाखवतो, रातभर कळप तिथं बसतो, लेंड्या-मुतानं रान खतावतं, आणि सकाळी मालक पदरात दाणे घालतो. धुळा मिसरूड फुटायच्या आधीपासून हा प्रश्न विचारत आला होता. त्याचा बाप सावळा तोच विचारत विचारत कोकणात एका खाचराच्या बांधावर मेला. त्यांच्या घराण्यातल्या कुणाला आजवर तो प्रश्न कुणी विचारला नव्हता.

बानूबाई काठी टेकत मागं गेली. कुंपणाबाहेर सगळा कळप एकवटून उभा होता आणि त्याच्यापुढं धुळा. कुंपणाचं दार उघडंच होतं, पण त्यानं पाऊल आत टाकलं नव्हतं. तिला बघून त्यानं पागोटं सारखं केलं.

"मालकीणबाई," तो म्हणाला, "मेंढरं कुटं बसवू?"

ती आधी हसली, कारण तिला वाटलं थट्टा करतोय. मग तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो थट्टा करत नव्हता. तो उत्तराची वाट बघत होता, जसा आजवर शंभर बांधांवर त्यानं बघितली होती. मागं मांडवापाशी कुशाबा उभा होता, आणि तोसुद्धा वाट बघत होता.

बानूबाईनं काठी उचलली, आखूड पायावर कसाबसा तोल सावरला, आणि कुंपणाला लागून असलेला दगडगोट्यांचा पडीक तुकडा दाखवला.

"आज हितं बसवा," ती म्हणाली. मग काठी आणखी वर, ओढ्याकडच्या अंगाला, जिथवर नजर जात होती तिथवर नेली. "उद्याच्याला तितं."